खंडणी कुणाला दिली?

बाई,
ख्रिस्तात सलाम.

हे पत्र मी चारचौघांत लिहितोय. रागावू नका, तुम्ही स्वतः तर कधी कुणाला सांगणार नाही.

संडे स्कूलमध्ये बायबलमधलं मार्क 10:45 पाठ करत होतो. येशू आपला प्राण ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला, इथे मागच्या रांगेत आम्ही फिसकन हसलो. खंडणी म्हटली की पेपरातले गुंडच आठवायचे. मी उठून विचारलं, “मग दिली कुणाला?” तुम्ही म्हणालात, “उद्या आईला घेऊन ये.” वाटलं, आता मार!

दुसऱ्या दिवशी आपण सावकाराच्या दुकानात होतो. कमरेची पिशवी सोडून तुम्ही भिशीचे पैसे मोजले. त्याने खणातून पुरचुंडी काढली. आईचं मंगळसूत्र, काळ्या मण्यांत छोटा क्रूस. गहाणाची चिठ्ठी तुम्ही त्याला आमच्यासमोर फाडायला लावलीत.

परतताना तुम्ही बायबलमधली रूथची गोष्ट सांगितलीत. रूथची सासू नामी, तिचं शेत सोडवायचा पहिला हक्क ज्या नातलगाचा, तो आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून मागे सरला, पायातलं पायताण काढून मोकळा झाला. मग दुसऱ्या नातलगाने, बवाजाने, शेत सोडवलं आणि परक्या देशातल्या रूथलाही पत्करलं. “सोडवायला आपलं माणूस लागतं रे,” एवढंच म्हणालात.

पुढे वाचनात आलं, माझा प्रश्न चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मगुरूलाही पडला होता. सैतानाला खंडणी? छे, लुटारूला कसली किंमत! मग पित्याला? पण त्याने कुठे आपल्याला डांबून ठेवलं होतं? 1098च्या सुमारास अन्सेल्म या धर्मगुरूने मांडलं, की पापाने देवाचा मान राखला गेला नाही, त्या ऋणाची ही फेड. मला तो हिशेब अजून कोरडाच वाटतो. तुम्ही घेणाऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. आमच्या घरीही सावकाराचं नाव कधी निघालं नाही. तुमचं मात्र रोजच्या प्रार्थनेत असायचं.

गुड फ्रायडेला येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांतला सहावा येतो, ‘पूर्ण झाले आहे’, तेव्हा मला ती चिठ्ठी टरकन फाटलेली ऐकू येते.

त्याच पावसाळ्यात वही द्यायला तुमच्याकडे आलो होतो. घरभर पातेली मांडलेली, टपटप चाललेली. भिशी पत्र्यांसाठी होती, हे तेव्हा कळलं. मी वही ठेवली आणि काही न बोलता पळालो.

बाई, आभार.

तुमचा,
मागच्या रांगेतला