आधी बीपी तर नीट मोजा!

संपादक महोदय,

गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचा अंदाज आता रक्ततपासणीतून घेता येतो. वारेत तयार होणारं ‘पीएलजीएफ’ हे प्रथिन या आजारात घटतं आणि त्याला अडवून धरणारं ‘एसएफएलटी-१’ वाढतं. एसएफएलटी-१ ला पीएलजीएफनं भागून येणारं गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या आठवड्यात हा आजार होण्याची शक्यता अगदी कमी, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. आकडा जास्त आला म्हणजे आजार झालाच, असं मात्र नाही. अमेरिकेत अशा चाचणीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडेही ती सर्रास व्हावी, सरकारी दवाखान्यात तर आधी यावी.

पण दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या मोफत तपासणीच्या, रांगेत काय चालतं? बाई धापा टाकत येते, तिला टेकूही न देता ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात आणि कार्डावर १२०/८० लिहून मोकळे! पाच मिनिटं बसवा, दंड मोकळा करा, मापाचा पट्टा वापरा. याला काही पैसे पडत नाहीत. याच आजाराची खूण असलेली लघवीतली प्रथिनं तपासायच्या पट्ट्याही स्वस्तच, तरी त्या नेमक्या ‘संपलेल्या’ असतात.

आणि घरच्यांनो, सातव्या-आठव्या महिन्यात डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, बरगडीखाली दुखतंय म्हणाली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा देत बसू नका. ही याच आजाराची लक्षणं असू शकतात; त्याच दिवशी दवाखाना गाठा.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा