आईच्या काळजीला उत्तर, सशांसकट

लीड्स, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, दोन ससे घरी आणलेत म्हटल्यावर तू लगेच फोन बाबांकडे दिलास, तेव्हाच कळलं की हे लिहूनच सांगावं लागणार. एकटी पडले म्हणून आणलेले नाहीत. तब्येत छान आहे, डबा घरूनच नेते, बाकी सगळं तेच.

तुला वाटतंय, बाजारातून पिंजऱ्यासकट उचलून आणले. इथे तसं नसतं. लोकांनी टाकून दिलेल्या सशांचं एक केंद्र आहे. तिथे आधी फॉर्म भरायचा. मग त्यांची एक बाई घरी येते, चहाला नको म्हणते आणि थेट ओणवी होऊन सोफ्यामागच्या वायरी बघते. किती तास बाहेर असता? घरमालकाची लेखी परवानगी आहे? सुट्टीत यांना कोण बघणार? स्थळ बघायला आलेली माणसंही इतकं विचारत नाहीत. एकच ससा मागितला तर देत नाहीत, एकटा झुरतो म्हणे. म्हणून नर-मादी, दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन करून, आधी जाळीपलीकडून एकमेकांचा वास घेऊ देतात, मग नव्या जागेत भेटवतात. पटलं तर जोडी, नाहीतर दुसरी बघायची. आणि या सगळ्याची आपणच फी भरायची!

बाबा, तुम्ही विचारलंत, मांडीवर बसतात का. नाही बसत. जमिनीवरून उचललं की सशाला वाटतं, घारीनं नेलं. म्हणून मी संध्याकाळी नुसती फरशीवर बसते, त्यांच्याकडे न बघता. हात वरून न्यायचा नाही, नाकासमोरही नाही, कारण डोळे बाजूला असल्यामुळे ऐन नाकापुढचं त्यांना दिसत नाही. बाजूनं न्यायचा, कोथिंबिरीची काडी घेऊन. बिस्किट (नाव केंद्रातूनच आलंय, मी नाही ठेवलं) आता कपाळ चोळून घेतो. चोळताना दात अगदी हलके कुरकुरतात, हनुवटीवर बोट ठेवलं की जाणवतं. म्हणजे खूश. पिपा मात्र अजून हात दिसला की मागचा पाय आपटते आणि सोफ्याखाली जाते. जाऊ दे, मी मागे जात नाही.

उचलायचं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी धरायचं. मीही खालीच बसलेली असते, निसटला तरी उंचावरून पडत नाही. कान धरून उचलायचं तर मनातही आणू नका! मागचे पाय इतके ताकदीचे की लोंबकळत झाडले तर स्वतःचाच कणा मोडून घेतात. उताणं करून निजवलं की शांत पडतात, ते लोक कौतुकानं दाखवतात. पण तो भीतीनं ताठलेला असतो. मला ते बघवत नाही.

एवढं कशाला, तर लाडासाठी नाही. नखं कापायला लागतात, आणि उन्हाळ्यात रोज शेपटीखाली बघावं लागतं. केस घाण राहिले की माशी अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या. शेळीच्या जखमेत होतात तशाच, तुम्हाला काय सांगायचं. शिवाय लस. मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग १९५३ मध्ये इथे इंग्लंडात आला आणि रानातले बहुतेक ससे गेले. डॉक्टरच्या टेबलावर पहिल्यांदाच कुणी धरलं तर घाबरून जीव जाईल, म्हणून घरीच सवय.

आई, केस उडतात, पण दमाबिमा काही होत नाही मला.

या महिन्यात पैसे थोडे कमी आलेत. सशांमुळे नाही, खरंच, भाडं वाढलंय. पण मोतीबिंदूची लेन्स चांगलीच घाला, वरचे पैसे मी देते, दादाला मागू नका. ऑपरेशनला मी नाही, पण असून तरी काय केलं असतं, डोळ्यांत थेंबच घातले असते. ते वहिनी जास्त नीट घालतील.

कोल्हापूरच्या मुलाशी बोलले. बरा वाटला. सशांचं मीच सांगितलं त्याला. हसला, नाही म्हणाला नाही. मीही नाही म्हणत नाहीये, फक्त त्याच्या आईला दिवाळीचा शब्द देऊ नका. रजेचं अजून नक्की नाही. गणपतीला तर नाहीच जमत. मोदकांचा फोटो नको पाठवूस गं.

थेंबांच्या वेळा दादाला फोनमध्ये लावून द्यायला सांगा.

तुमची,
सोनू