भारतनेटचा हिरवा दिवा आणि दुरुस्तीचा हिशेब : दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली.

विषय : सुधारित भारतनेटमधील देखभाल आणि चालू जोडणीचे मोजमाप

महोदय,

ऑगस्ट २०२३मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटसाठी, म्हणजे ग्रामपंचायती आणि गावं फायबर इंटरनेटने जोडण्याच्या योजनेसाठी, १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. तेव्हा निधी नाही, ही सबब आता चालणार नाही. आमची हरकत आहे ती ‘सर्व्हिस रेडी’ (सेवेस तयार) या शिक्क्याला. ग्रामपंचायतीच्या खोलीत यंत्र बसवलं, दिवा एकदा हिरवा झाला, की शिक्का पडतो. पुढे तीच पंचायत महिनाभर बंद राहिली तरी यादीतला आकडा हलत नाही.

राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियान २.०मध्ये २०३०पर्यंत २.७० लाख गावांना फायबर आणि ९५ टक्के वेळ सेवा चालू, असं उद्दिष्ट आहे. वर्षाच्या हिशेबात ५ टक्के म्हणजे १८ दिवस. ते सगळे जुलैत सलग गेले तरी कागदावर गाव उत्तीर्ण! म्हणून हे मोजमाप दर महिन्याला, गावागणिक व्हावं. महिन्याला ३६ तासांपेक्षा जास्त बंद असेल, तर त्या गावाचे देखभालीचे पैसे कापावेत. सरासरी तालुक्याची काढली, की बंद गावं चालू गावांच्या आड लपतात.

आता केबलकडे येऊ. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजमधून गावांकडे जीपॉनची (एकाच तंतूतला प्रकाश वाटून अनेक ठिकाणी नेणारी यंत्रणा) सरळ ओळ गेली. या यंत्रणेला प्रकाशाची वाटेत साधारण २८ डेसिबल (घट मोजायचं एकक) घट सोसते. १५ किलोमीटरची वाट धरा. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे ०.३५ म्हणजे सव्वापाच. प्रकाश सोळा वाटांत वाटणारा स्प्लिटर १४ खातो. चार कनेक्टर दोन, तंतू वितळवून जोडलेले मूळचे जॉइंट मिळून एखादा. झाले सव्वाबावीस. शिल्लक पावणेसहा.

मग जेसीबी येतो. चर रुंद होतो, केबल तुटते. जॉइंटच्या खड्ड्यात दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असेल आणि तूट जवळ असेल, तर ती ओढून एका जॉइंटवर काम भागतं. बहुतेक ठिकाणी ती ठेवलेलीच नसते. मग मधे तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन जॉइंट. तंतूचं टोक सरळ कापणाऱ्या क्लीव्हरचं पातं बोथट, वर पाऊस, आणि वरून ‘तासाभरात चालू करा’चा फोन, अशा वेळी ०.०५ डेसिबल घटीचा जॉइंट सहज ०.३चा होतो. अशा दहा दुरुस्त्यांत सहा डेसिबल गेले. शिल्लक संपली. आता केबल अखंड आहे, तरी गाव कधी लागतं, कधी जातं, आणि तक्रारीवर शेरा पडतो, ‘दोष आढळला नाही’.

हीच जुनी केबल नव्या रिंगमध्ये (एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा देणाऱ्या वर्तुळाकार जोडणीत) घेतली जाणार असेल, तर आधी प्रत्येक तंतूची ओटीडीआर (तंतूत प्रकाश सोडून तूट आणि घट कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) चाचणी दोन्ही टोकांकडून आणि १३१० व १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर करा. केबल कुठे मुडपली असेल तर ते १५५०वर लगेच दिसतं. ०.३च्या वरचा जॉइंट उघडून पुन्हा मारा. चाचणीच्या फाइली पोर्टलवर ठेवा. छापील अहवाल कुणीही भरतो.

ओटीडीआर ‘७.४ किलोमीटरवर तूट’ सांगतो, पण ते अंतर तंतूचं. गुंडाळ्या आणि वळणं धरली तर जमिनीवरची जागा पुढे-मागे होते, आणि रात्री शंभर मीटर चर उगाच खणला जातो. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतोच. प्रत्येक जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे ते आकडे आणि जागेचे अक्षांश-रेखांश एवढी नोंद सक्तीची केली तरी शोधाचा वेळ निम्म्यावर येईल. खर्च जवळपास काहीच नाही.

खणणाऱ्यांसाठी मार्च २०२३पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आहे. पाइपलाइनच्या कंत्राटदाराला ते वापरायचं कारण काय? मोजमाप पुस्तिकेत त्या नोंदीचा क्रमांक नसेल तर बिल निघणार नाही, असं राज्यांकडून करून घ्या. नियम आपोआप पाळला जाईल.

रिंगबद्दल एक शंका मोकळेपणाने मांडतो. येणारा आणि जाणारा तंतू एकाच चरातून नेला, तर नकाशावर रिंग आणि जमिनीवर जुनीच सरळ ओळ. सह्याद्रीच्या घाटात दुसरी वाट महाग पडते, मान्य. तिथे सूट द्या, पण अशा गावांची यादी जाहीर करा. बाकी ठिकाणी ताबा घेताना रिंगची एक बाजू प्रत्यक्ष काढून दाखवायला सांगा. सेवा टिकली तर बिल द्या.

विजेचा प्रश्न साधा आहे, म्हणून सुटलेला नाही. पंचायतीचं वीजबिल थकलं की राउटरही बंद. तेव्हा यंत्राला वेगळं मीटर आणि त्याचं बिल प्रकल्पातूनच हवं. पत्र्याच्या पेटीतल्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. विदर्भातल्या मे महिन्याचा विचार करा आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. किल्ली एकट्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) नको. त्यांच्याकडे बहुधा दुसऱ्या गावांचाही पदभार असतो.

पंचायत नसलेली सुमारे ३.८ लाख गावं मागणीनुसार जोडण्याची तरतूद आहे. महसुली गाव म्हणून नोंद नसलेल्या वाड्या-पाडे यांनी मागणी कुठे नोंदवायची, हे कृपया लेखी कळवा.

आणि प्रत्येक तालुक्याला हे साहित्य हवं : चालू स्थितीतलं एक स्प्लाइसिंग मशीन (तंतू जोडण्याचं यंत्र), एक ओटीडीआर, क्लीव्हरची सुटी पाती, दोन किलोमीटर २४ तंतूंची केबल आणि वीस जॉइंट क्लोजर (जॉइंट झाकायच्या पेट्या). जिल्ह्याच्या गोदामात असलेलं साहित्य गावाला दुसऱ्या दिवशी मिळतं.

आपले,
ग्रामीण फायबर जोडणी व देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ