त्या बोटीवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर, समुद्रातल्या प्रवाळांच्या रांगेत, भाल्याने मासे मारताना शार्कने माझी पोटरी फाडली. भाल्यावरच्या माशाची तडफड आणि रक्त यांच्या मागावर शार्क येतात, हे ऐकून होतो. शेजारच्या बोटीतून तुम्ही आलात, गुडघ्याच्या वर पट्टा करकचून आवळलात आणि आवळल्याची वेळ माझ्या कपाळावर पेनाने लिहिलीत. पट्टा फार वेळ राहिला तर पायच जायचा, म्हणून डॉक्टरांना ती वेळ लागते. हेलिकॉप्टर येईस्तोवर एक बाई माझ्याशी बोलत राहिल्या. मी मराठीत शिव्या घालत होतो. त्यांना कळल्या नाहीत, सिद्धरामेश्वराची कृपा! आता सोलापुरात घरी आहे, चालतोय. तुमची नावं विचारायची राहिली. आई म्हणते, कधी आलात तर कडक भाकरी, शेंगा चटणी आणि प्रत्येकाला एकेक चादर.