चौकटीतून नवरा गायब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला घरगुती हिंसेवरचा लेख वाचला. लेखिकेचा हेतू चांगला आहे, अभ्यासही असावा, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखाशेजारच्या पिवळ्या चौकटीबद्दल. 'धोका कोणाला अधिक?' असे विचारून आपण खाली उत्तरे दिली आहेत : लग्नाच्या वेळी वय कमी, शिक्षण कमी, स्वतःची कमाई नाही, माहेरचा आधार नाही, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न, मूलबाळ नाही. हे सगळे बाईचे. आणि अगदी तळाला, जागा उरली म्हणून टाकावे तसे, 'पतीचे व्यसन'. मारणारा संपूर्ण चौकटीत एकदाच दिसतो आणि तोही बाटलीच्या आड लपून.

यातले मुद्दे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या पोरीला कोण विचारतो, हे ग्रामीण भागात नोकरी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. नर्स म्हणून माझी उभी हयात सरकारी दवाखान्यात गेली, त्यातली बरीचशी अपघात विभागात. पण ही यादी वाचून पदवीधर, कमावत्या मुलीचे आईवडील निर्धास्त होणार, त्याचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (2019-21) अहवालात नोकरी करणाऱ्या बायकांमध्ये मार खाल्लेल्यांचे प्रमाण घरी असणाऱ्यांपेक्षा कमी नाही, जास्तच आहे. आपल्या महाराष्ट्रात 18 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 25.2 टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसलेली आहे. चार घरांमागे एक. सगळ्या काय अडाणी आणि निराधार आहेत?

दारूचे म्हणाल तर ती आग भडकवते यात वाद नाही. याच सर्वेक्षणाच्या देशभरच्या आकड्यांत, ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात अशा 100 जणींपैकी 70 जणी हिंसेच्या बळी आहेत. पण थेंबही न घेणाऱ्यांच्या 100 बायकांमध्येही 23 जणी निघाल्या. त्यांना कशाच्या नशेत मारले, उसाच्या रसाच्या?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. मे महिन्यातली रात्रपाळी होती. साधारण पंचविशीची बाई, नवरा आणि सासू अशी तिघे आली. बाई बी.कॉम., पतसंस्थेत नोकरीला. लग्न पत्रिका जुळवून झालेले, पदरी मुलगा, भाऊ चांगल्या पगारावर. नवऱ्याचा शर्ट कडक इस्त्रीचा, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही, बोलणे अदबीचे. आपल्या चौकटीतली एकही खूण या बाईपुढे करता आली नसती. ऐन उकाड्यात मात्र तिने पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला होता. "जेवताना घास अडकला मॅडम, तेव्हापासून आवाजच फुटत नाही," असे त्याने सांगितले. मी प्रश्न तिला विचारायचे आणि उत्तर त्याने द्यायचे, असे चालले होते. तिची पर्स आणि तिचा मोबाइल, दोन्ही त्याच्याच हातात.

केसपेपरवर पत्ता चुकलाय, तेवढा खिडकीवरून दुरुस्त करून आणा, असे सांगून मी त्याला बाहेर काढले. सासूबाईंना बाकावर बसवले. पडदा ओढून तिची खालची पापणी उलटी केली तर आत लाल ठिपके, सुईने टोचल्यासारखे. जबड्याखाली एका बाजूला अंगठ्याएवढा डाग. थुंकी गिळतानाही तिचे डोळे मिटत होते. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "सिस्टर, लिहू नका हं. घरी गेल्यावर माझीच उलटतपासणी होईल."

मी डॉक्टरांना म्हटले, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करू या. ते म्हणाले, "पेशंटची तक्रार आहे का? नाही ना? मग आपण कशाला कोर्टाच्या चकरा लावून घ्यायच्या?" केसपेपरवर घसादुखी लिहिली, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. दाबलेल्या गळ्याला गुळण्या! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा सरकारी कागदावर उतरतो. घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005चा, ऑक्टोबर 2006 पासून लागू. अशी बाई दवाखान्यात आली आणि तोवर घरगुती घटना अहवाल कोणी भरलेला नसला, तर तो दवाखान्याच्या प्रमुखाने भरून याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा, असे त्याच्या नियमांत आहे. आमच्याकडे तो नमुना माझ्याशिवाय कोणी पाहिलेलाच नव्हता, आणि मीही पाहिला होता तो प्रशिक्षणात.

त्या प्रशिक्षणात कळलेली आणखी एक गोष्ट आपल्या लेखात यायला हवी होती. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या बाईंनी, आणि त्या मूळच्या नर्सच बरे का, मार खाणाऱ्या बाईच्या जिवाला किती धोका आहे हे जोखणारी प्रश्नावली 1980च्या दशकातच तयार केली. त्यात बाईच्या शिक्षणाची चौकशी नाही. जवळजवळ सगळी चौकशी त्याची. मार वाढत चालला आहे का? त्याच्याकडे हत्यार आहे का? जिवे मारीन म्हणतो का? गरोदरपणात मारले का? दिवसभराच्या येण्याजाण्यावर पहारा ठेवतो का? गळा दाबला होता का? या शेवटच्या प्रश्नावर पुढे वेगळा अभ्यास झाला. जोडीदाराने आधी एकदा गळा दाबलेला असेल, तर त्याच्याच हातून जीव जाण्याची शक्यता सात पटींहून अधिक, असे 2008 साली त्यातून निघाले. गळ्यावर बाहेरून बरेचदा वळही उमटत नाही. आवाज बसतो, गिळता येत नाही, डोळ्यांत लाल ठिपके येतात, आणि आपण लिहितो घसादुखी. आता सांगा, तुमच्या चौकटीत 'मूलबाळ नाही'ला जागा मिळते आणि गळ्याला मिळत नाही, हे कसे?

सर्वेक्षणातही नवऱ्याच्या वागण्याचे सहा प्रश्न असतात. परपुरुषाशी बोलली तर जळतो का, चारित्र्यावर संशय घेतो का, मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरशी संबंध तोडतो का, कुठे आहेस हे सतत विचारतो का, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवत नाही का. यातल्या जितक्या गोष्टी जास्त, तितका मार जास्त. केसपेपर दुरुस्त करायला पाठवलेल्या त्या नवरोबांच्या हातातली पर्स आणि मोबाइल आठवा. पण मुलगा पाहायला जाताना पगार, शेती आणि मंगळ पाहतात. पूर्वीचा साखरपुडा का मोडला, हे कोणी विचारत नाही.

त्या बाईचे पुढे काय झाले? ती माहेरी गेली. मग थोरामोठ्यांची बैठक बसली. भांड्याला भांडे लागायचेच, एकदा पदरात घ्या, लेकराकडे पाहा, असे सांगून तिला परत पाठवले. अशा नवऱ्याला बायको सोडून जाते तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो, हेही त्याच अमेरिकन अभ्यासांत आहे. म्हणून जाऊ नये असे नाही. जाताना संरक्षण अधिकारी, पोलीस, राहण्याची जागा, सगळे बांधून जावे लागते, आणि ते काम बैठकीत पान खाणाऱ्यांचे नव्हे. महिना व्हायच्या आत त्याने पुन्हा तेच केले. शेजाऱ्यांनी दार तोडले म्हणून ती वाचली. भावाने तिला दुसऱ्या शहरात नेले, आता ती तिथे नोकरी करते. आवाज अजून फाटकाच आहे.

आपल्या बातमीदारांनाही एक विनंती. बायकोचा खून झाला की बातमीत कारण छापून येते : भाजीत मीठ जास्त, जेवायला उशीर, मोबाइलवर बोलली. मिठाने कोणी मरत नाही. त्या घरात आधी काय घडत होते, बाई पोलीस ठाण्यात गेली होती का, माहेराहून परत पाठवली होती का, एवढे तरी ठाणे अंमलदाराला विचारावे. सर्वेक्षणातल्या मार खाल्लेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या 14 टक्केच आहेत आणि 77 टक्क्यांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. ज्या सांगतात त्यांचे तरी पुढे काय होते, हे छापायला कोणाची हरकत आहे?

आणि जाता जाता. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर '24 तासांत नवरा मुठीत' अशी एका बाबांची जाहिरात आहे. त्यांचा मोबाइल नंबर माझ्या चष्म्याशिवाय वाचता येतो. महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर मात्र अख्ख्या लेखात नाही. तीन आकडी नंबर आहे, फार जागा खात नाही.

माझे मागचे पत्र (एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाबद्दल) आपण छापलेत, पण निम्मे कापलेत, आणि कापले ते नेमके आगारप्रमुखांना झोंबणारे. या खेपेला कापायचेच असेल तर टक्केवारी कापा, गळा दाबण्याबद्दलचा मजकूर ठेवा. नाव छापू नये. बाईचे सासर आमच्याच तालुक्यात आहे आणि सासूबाई आपल्याच पेपरच्या वाचक आहेत.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
(जि. सातारा)