बाबांचं लक्ष नसतं असं नाही

प्रिय आई-बाबा,

रोज फोनवर बोलतोच की, मग हे पत्र कशाला असं वाटेल तुम्हाला, पण काही गोष्टी फोनवर धड बोलता येत नाहीत आणि का येत नाहीत तेच यावेळी सांगायचंय, म्हणून झोप आलेली असूनही लिहायला बसलीये. बाबा, आधी तुम्ही वाचा, मग आईला द्या.

नाटकाच्या तालमी आता रोज आहेत. ऑफिस सुटलं की थेट हॉलवर, घरी पोचायला साडेदहा-अकरा, शनिवार-रविवार तर सगळाच तिथे. इस्त्रीचे कपडे साठलेत, ते रात्री करते आणि करता करता माझी वाक्यं मोठ्याने म्हणते. शेजारचा मुलगा त्याच वेळी कीबोर्डवर एकच धून वाजवत असतो, तीन आठवडे झाले, एका ठरावीक जागी त्याची बोटं अडखळतात. ती जागा जवळ आली की माझा इस्त्रीचा हात आपोआप थांबतो. परवा तो पहिल्यांदा न अडखळता पुढे गेला आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आम्ही एकूण नऊ जण आहोत. कोणाचंच पोट नाटकावर नाही, एक जण तर रात्रपाळी करून, दुपारी झोपून तालमीला येतो. मला दुसऱ्या अंकात अकरा वाक्यं आहेत, उरलेला वेळ मी प्रॉम्प्टर. विंगेत खुर्ची टाकून बसायचं, मांडीवर संहिता, बोट चालू ओळीवर. सुरुवातीला वाटलं होतं की हे काय बसल्याबसल्या वाचायचं काम, पण नाही. समोरच्याने घेतलेला पॉज आणि समोरचा विसरलाय यातला फरक अर्ध्या सेकंदात कळावा लागतो, आणि तो कळतो श्वासावरून. पॉज घेतलेल्या माणसाचा श्वास चालू असतो, विसरलेल्याचा अडकतो. श्वास अडकला रे अडकला की ओळीचे पहिले दोन शब्द टाकायचे, नटाला ऐकू जातील आणि पहिल्या रांगेला जाणार नाहीत इतकेच.

आता खरी गोष्ट. आमच्यात एक काका आहेत, बाबा, तुमच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे, आयुष्यभर नोकरी सांभाळून नाटकं केलेली. या नाटकात वडिलांचं काम त्यांच्याकडे आहे, म्हणजे नाटक त्यांच्याच खांद्यावर. दुसऱ्या अंकात ते प्रेक्षकांकडे तोंड करून पेपरची घडी घालत असतात, मागून मुलगा येतो आणि सांगतो की घर विकायचं ठरलंय, त्यावर काकांनी वळायचं. लागोपाठ तीन दिवस ते वळलेच नाहीत. घडी घालतच राहिले. मी विंगेतून कुजबुजत्या आवाजात ओळ टाकली, परत टाकली, काही नाही. दिग्दर्शक सगळ्यांसमोर चिडला, काका सॉरी म्हणाले आणि त्यानंतर घोटभर पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आत आले नाहीत. मग नेहमीचं सुरू झालं, वय झालंय, पाठांतर राहत नाही आता, वेळ आहे तोवर दुसरा माणूस बघूया का. हे सगळं हळू आवाजात, त्यांच्यापासून चार हातांवर. त्यांना ऐकू आलं नाही हे आम्हाला बरंच वाटलं, आणि का ऐकू आलं नाही हा प्रश्न मात्र एकालाही पडला नाही, मलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले होते, तेही आलेले. समोरासमोर बसून म्हटलं चला काका, दुसरा अंक नुसता म्हणून टाकू, मी बाकी सगळ्यांची वाक्यं देते. अख्खा अंक म्हटला हो त्यांनी, एक शब्द इकडचा तिकडे नाही! मग ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते तेव्हा मी मागे गेले आणि विंगेतून टाकते तशी कुजबुजत तीच ओळ टाकली. नाडी बांधणं चालूच. मग तीच ओळ हळूच, पण कुजबुज न करता, खालच्या पट्टीत आवाज लावून म्हटली. ते लगेच वळले आणि पुढचं वाक्य म्हणाले. मी तिथेच उभी राहिले. विसरत नव्हते ते, त्यांना ऐकूच येत नव्हतं!

कुजबुजताना घशातल्या तारा कंप पावत नाहीत, सगळा नुसता हवेचा सळसळाट असतो, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज. आणि वय वाढतं तसं कानातून आधी जातं ते वरच्या पट्टीतलंच. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यातल्या बारीक केसांसारख्या पेशींवर ऐकणं अवलंबून असतं, आणि उंच आवाज पकडणाऱ्या पेशी नेमक्या दारातच बसलेल्या असतात. त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. अ, आ, ई असे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. जातात ते स, श, फ, थ, च असले बारीक वर्ण. त्यामुळे माणूस बोलतोय हे छान कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मग समोरच्याला वाटतं याचं लक्ष नाही, आणि खुद्द त्यालाही वाटतं की हल्ली लोक फार पुटपुटतात.

बाबा, ‘हल्ली लोक फार पुटपुटतात’ हे वाक्य तुमचं आहे.

मागच्या खेपेला मी फोनवर सांगितलं होतं की सातला पोचते, आणि तुम्ही पाचपासून स्टेशनवर उभे होतात, दोन तास. मी आले ती तुमच्यावर चिडूनच, की सांगितलेलं नीट ऐकत का नाही तुम्ही. आता म्हणून बघा, पाच, सात, आठ. आजूबाजूचे वर्ण काढून टाकले तर तिन्हीत उरतो तो नुसता आ. तुम्हाला आ ऐकू आला आणि तुम्ही त्यातला सगळ्यात आधीचा धरलात, मला वाट बघावी लागू नये म्हणून. हे मला काकांची नाडी बांधून होईपर्यंत सुचलं नव्हतं. त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल मनापासून सॉरी, बाबा.

साध्या फोनचाही यात हात आहे. जुन्या पद्धतीच्या फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो आणि स सारख्या वर्णांची मुख्य सळसळ त्याच्याही वर असते. म्हणजे आधी फोन ते वर्ण खातो आणि उरलंसुरलं कान. म्हणून यापुढे मी व्हिडिओ कॉलच करणार आहे, माझे ओठ दिसले की अर्धं काम होतं. आणि मी ओरडणार नाही. ओरडलं की जास्त करून स्वरच मोठे होतात, बारीक वर्ण जवळजवळ आहेत तिथेच राहतात, शिवाय मोठा आवाज अशा कानांना नुसता टोचतो. आमचा दिग्दर्शक पहिल्या दिवसापासून सांगतोय की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणजे ओरडायचं नाही, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही. मी ते स्टेजवर करायचे आणि तुमच्याशी बोलताना निम्मी वाक्यं गिळायचे.

गाण्यांवरून आपला वाद झालेला आठवतोय ना? मी पाठवलेली नवी गाणी तुम्ही ऐकायचात आणि म्हणायचात, चाल बरी आहे पण शब्दच कळत नाहीत. मी म्हणायचे तुम्हाला नवीन काही आवडतच नाही. आता त्यावरही पुष्कळ विचार केलाय मी. आमच्या नाटकाचं संगीत कॉलेजातला एक मुलगा लॅपटॉपवर करतोय, फार गुणी आहे. पहिल्या दिवशी त्याचा पीस वाजला आणि त्याच्याखाली माझी अकराच्या अकरा वाक्यं गायब. आवाज कमी कर म्हटलं तर सगळी जानच गेली त्यातली. मग त्याने आवाज होता तेवढाच ठेवला, फक्त खालचा घुमणारा बेस बराचसा कापला आणि बोलण्यातले वर्ण ज्या पट्टीत असतात तिथे संगीतात थोडी जागा मोकळी सोडली. एवढ्याने आमचे शब्द वर आले! खालचे आवाज वरच्यांना गिळतात म्हणे, उलटं फारसं होत नाही. ग्रीसमध्ये एपिडॉरसला इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं उघडं नाट्यगृह आहे, जवळजवळ १४ हजार माणसं बसतील एवढं, आणि माईकशिवाय बोललेलं त्याच्या वरच्या रांगांपर्यंत पोचतं म्हणून ते प्रसिद्ध आहे. तिथल्या चुनखडीच्या पायऱ्यांच्या रांगा खालच्या पट्टीतला गलबला दाबतात आणि वरचे आवाज परतवतात, असं २००७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. मी हे त्या मुलाला सांगितलं तर तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला म्हणजे दगडाने बेस कट केला.

तर नवी गाणी. आपल्याकडे १९०२ मध्ये गायिका गौहर जान यांनी रेकॉर्डिंग केलं ते भोंग्यासमोर, आवाज खणखणीत लावला तरच तबकडीवर उमटायचा. विजेचा माईक लावून रेकॉर्डिंग होऊ लागलं ते १९२५ पासून, आणि त्यानंतर गायकाला कानाशी येऊन गाता यायला लागलं. आजची मला आवडणारी कितीतरी गाणी तशीच आहेत, श्वासासकट, जवळजवळ कुजबुजत गायलेली. माझ्यासाठी त्यात फार जवळीक आहे, दिवसभराच्या दगदगीनंतर एक माणूस आपल्याशीच बोलतंय असं वाटतं. पण ती कुजबुज आहे बाबा, आणि खाली दणदणीत बेस. तुमच्यापर्यंत त्यातलं काय पोचणार? तुम्ही म्हणत होतात ते अगदी शब्दशः खरं होतं, शब्द कळत नव्हते. बालगंधर्वांसारखी माणसं माईक नसताना थिएटरभर ऐकू जायची, तुमचे कान त्या गाण्यांवर पोसलेत, माझे हेडफोनवर. यावेळी तीनच गाणी पाठवतेय, एक आवाज आणि एकच वाद्य अशी शोधून काढलीत. पंख्याचा आवाज बंद करून ऐका आणि आवडली नाहीत तर तसं सांगा, मी वाद घालणार नाही.

आता आई, तुझ्यासाठी. तू स्वयंपाकघरातून बोलतेस, नळ चालू, पाठ इकडे, आणि बाबांनी भलतंच उत्तर दिलं की म्हणतेस यांचं माझ्याकडे लक्षच नसतं. इतकी वर्षं लक्ष नसलेला माणूस पाच वाजल्यापासून स्टेशनवर उभा राहत नाही गं. आधी त्यांच्यासमोर ये, हाक मार, त्यांनी तुझ्याकडे बघितलं की मग बोल. आणि परत सांगावं लागलं तर तेच वाक्य वरच्या आवाजात सांगू नकोस, जरा शब्द बदलून सांग. मी काकांबरोबर हे करून बघितलंय, उपयोग होतो. तुला याचा किती त्रास होत असेल ते मला कळतं, प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची म्हणजे दमतं माणूस, आणि हळूहळू बारीकसारीक बोलणं बंदच होतं. मला भीती त्याचीच वाटते.

काकांना मी तपासणीला घेऊन गेले होते. आधी कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं, कारण कधीकधी नुसता मळ साठलेला असतो आणि तो काढला की काम होतं. त्यांचं तसं नव्हतं. मग एका लहानशा बंद खोलीत बसवून हेडफोन लावला, बारीक टूं आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता, शाळेतल्या परीक्षेला बसल्यासारखा. सुरुवातीला बटण पटापट दाबत होते आणि मग आवाज चढत गेला तसा अंगठा बटणावर नुसता थांबून राहिला, ऑपरेटर एकेक आवाज देत होती आणि काका वाट बघत होते. आलेखावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, दोन्ही रेघा डावीकडे वर आणि उजवीकडे पायऱ्या उतरल्यासारख्या खाली. काका तो कागद बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, म्हणजे मी विसरत नाहीये. तेवढंच म्हणाले.

त्यांनी मशीन घेतलंय. पहिले काही दिवस पेपरची घडीसुद्धा कानाला त्रास देत होती, सवय व्हायला वेळ लागतो, आणि मशीनने कान परत तरुण होत नाहीत हेही खरं. दिग्दर्शकानेही प्रवेश बदलला, आता मुलगा मागून येत नाही, बाजूने येतो, आधी घराची किल्ली टेबलावर ठेवतो, मग बोलतो. काका किल्ली बघतात आणि घडी घालणारे हात मध्येच थांबतात. हा प्रवेश आधीपेक्षा कितीतरी चांगला झालाय, मी रोज विंगेतून बघते आणि रोज माझं बोट ओळीवरून घसरतं.

बाबा, तुम्ही एकदा तपासून घ्या. प्रयोगाच्या आधी मी चार दिवस रजा टाकून येतेय, आपण दोघं जाऊ, मी काचेबाहेर बसेन.

आणि प्रयोगाला तुम्ही दोघं यायचंच आहे. फोन तुम्ही नेहमी डाव्या कानाला लावता हे मी लक्षात ठेवलंय, म्हणून प्रेक्षागृहात शिरल्यावर स्टेजकडे तोंड केलं की उजव्या हाताला, तिसऱ्या रांगेत, कडेच्या दोन खुर्च्या सांगून ठेवल्यात. तिथून स्टेज तुमच्या डाव्या कानाला येतं आणि सगळ्यांचे चेहरे दिसतात. आई, तू बाबांच्या डावीकडेच बस, मधे काही सांगायचं झालं तर.

तुमची,
मनू