बेणारेला वाक्यच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली अठरा वर्षे मी पदवीच्या वर्गाला मराठी शिकवते. नाटकावरच्या उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी जे खुपते, ते या वर्षी लिहायचेच असे ठरवले.

नाटकावर आमच्याकडे तीन ठरलेले प्रश्न येतात. अमुक पात्राचे स्वभावचित्रण करा, कथानक थोडक्यात सांगा, सामाजिक आशय स्पष्ट करा. मुले तिन्ही उत्तरे वेगवेगळी पाठ करतात. पहिल्यात विशेषणांची रांग असते, दुसऱ्यात गोष्ट आणि तिसऱ्यात ‘स्त्रीवर होणारा अन्याय’ हे शब्द. तेच शब्द पुढच्या नाटकालाही चालतात. मी मुलांना दोष देत नाही. प्रश्नच नाटकाचे तीन तुकडे करून त्यांच्या हातात देतो.

या वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक आम्ही वर्गात मोठ्याने वाचले. त्यात एक हौशी नाटकमंडळी खोटा खटला खेळते आणि मंडळीतल्याच बेणारे या अविवाहित शिक्षिकेला आरोपी करते. भूमिका वाटून घेतल्या. बेणारेची भूमिका एका मुलीने हट्टाने मागून घेतली. पहिल्या अंकात तिला भरपूर बोलायला मिळाले, वर्गही हसत होता. तिसऱ्या अंकात साक्षीपुरावे रंगू लागले आणि ती पुस्तकात बोट ठेवून वाट पाहत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मॅडम, माझं वाक्यच येत नाही.”

वर्ग गप्प झाला. मला वाटते, त्या क्षणी मुलांना ते नाटक कळले.

मनातल्या मनात वाचताना गप्प असलेले पात्र पानावरून नाहीसे होते. डोळा पुढच्या संवादावर जातो. रंगमंचावर मात्र ती बाई सगळा वेळ आपल्यासमोर असते, आरोपीच्या जागी, आणि तिच्याविषयी बाकी सगळे बोलत असतात. कोणाला किती वाक्ये मिळतात, कोण कोणाच्या वतीने बोलते, हे मोजायला बसले की सामाजिक आशय वेगळा शोधावा लागत नाही. शेवटी तिला निवेदनासाठी वेळ मिळतो तो दहा सेकंदांचा. तिचे ते प्रसिद्ध स्वगत येते तेव्हा भोवतीची माणसे थिजलेली असतात, म्हणजे ते ऐकतो फक्त प्रेक्षक. ज्या प्राध्यापक दामल्यांपासून ती लग्नाआधी गरोदर राहिली, ते नाटकभर रंगमंचावर येतच नाहीत. त्यांच्यावर खटलाही नाही. नाटककाराने हे कुठल्याही पात्राच्या तोंडी भाषण घालून सांगितलेले नाही. पात्रांच्या येण्या-न येण्यातून ते घडवले आहे.

कथानकही असेच वाचायला हवे. सुरुवातीलाच दाराच्या कडीने बेणारेचे बोट चेमटते. प्रेक्षक ते विसरून जातो. पुढे तिला निघून जायचे असते तेव्हा त्याच कडीमुळे दार उघडत नाही. खटला सुरू होतो तो वेळ घालवायचा खेळ म्हणून, कोर्ट कसे चालते हे सामंत नावाच्या गावातल्या माणसाला दाखवायला. तो भाबडा सामंत हातातल्या कादंबरीतले वाचून खोटी साक्ष देतो आणि ती नेमकी वर्मी लागते. ‘आपण तर खेळतो आहोत’ ही सोय मिळाल्याबरोबर सभ्य माणसे किती निर्दय होऊ शकतात, हे त्या खेळाशिवाय दाखवताच आले नसते. मग कथानक एका प्रश्नात आणि आशय दुसऱ्या प्रश्नात कसा मावणार? इतिवृत्त, म्हणजे कथानक, हे नाट्याचे शरीर, असे ‘नाट्यशास्त्र’कार भरताने म्हटले आहे. शरीरावेगळा जीव दाखवा, असे आपण विद्यार्थ्याला सांगतो आहोत.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) घ्या. जरठ-कुमारी विवाहाच्या दुष्ट रूढीवर प्रहार, हे वाक्य प्रत्येक गाईडात आहे आणि ते खरेही आहे. पण म्हाताऱ्या भुजंगनाथाशी शारदेचे लग्न थांबते कशाने? वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून. मुलीला हे लग्न नको आहे, हे तिच्या बापाला, कांचनभटाला, पुरेसे नव्हते. रूढीवर प्रहार करणाऱ्या नाटकालाही सुटका शास्त्राच्याच नियमाकडून मागावी लागली. यात त्या काळाबद्दल किती सांगितलेले आहे! (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला या नाटकावरून ‘शारदा कायदा’ म्हणतात, असे मुले सर्रास लिहितात. ते नाव कायद्याचे पुरस्कर्ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले आहे.)

शेवट किती निर्णायक असतो याचा दाखला नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘डॉल्स हाऊस’चा आहे. १८७९ च्या मूळ नाटकात नायिका नोरा नवरा-मुलांना सोडून घराबाहेर पडते. मुलांना टाकून जाणारी आई मी रंगवणार नाही, असे एका जर्मन अभिनेत्रीने सांगितले, तेव्हा इब्सेनने नाइलाजाने वेगळा शेवट लिहून दिला. त्यात झोपलेल्या मुलांना पाहून नोरा राहते. तीच पात्रे, जवळपास तेच संवाद, शेवटची काही मिनिटे बदलली आणि नाटकाचे म्हणणे उलटे झाले. वर्गात हे दोन्ही शेवट शेजारी ठेवले की मुले तासभर भांडतात. ते भांडण ऐकण्यासारखे असते.

आता मूळ गाऱ्हाणे. बेणारे वाचणाऱ्या त्या मुलीने परीक्षेत स्वभावचित्रणाच्या उत्तरात विशेषणे लिहिली नाहीत. तिसऱ्या अंकात बेणारे किती वेळ गप्प आहे आणि त्या वेळात कोण कोण बोलते, हे तिने क्रमाने लिहिले आणि त्यावरून ती बाई कशी आहे ते मांडले. तिला निम्म्याहून कमी गुण मिळाले. उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा समासात शेरा होता, ‘मुद्दे नाहीत’. नमुना उत्तरातले मुद्दे त्यात नव्हते, हे खरेच. तपासणाऱ्यापुढे शेकडो गठ्ठे असतात आणि मुदत थोडी असते, हे मला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. तरी त्या मुलीला काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही.

अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवणाऱ्यांना आपल्या दैनिकातून माझी विनंती आहे. तीन प्रश्नांऐवजी नाटकातला एखादा प्रवेश छापून द्यावा आणि विचारावे: या प्रवेशात कोण बोलते, कोण गप्प आहे, कोण गैरहजर आहे आणि त्यामुळे पुढे काय घडते? ते लगेच जमणार नसेल तर परीक्षकांच्या सूचनांत निदान एक ओळ घालावी. नमुना उत्तरात नसलेले, पण संहितेतून दाखवून दिलेले म्हणणे ग्राह्य धरावे.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका